यादी मागितली म्हणून मी पक्ष सोडला

पक्ष सोडला हे आता बऱ्याच जणांना कळलंय, आणि जो भेटतो तो पहिले हेच विचारतो की ताई, आता कोणत्या पक्षात? कोणत्याच नाही. मग दुसरा प्रश्न, तिकिटावरून बिनसलं का? तेही नाही, तिकीट तर उलट देऊन राहिले होते, ते पुढं सांगते. पक्षाचं नाव इथं लिहीत नाही कारण त्यातल्या कितीतरी बाया आजही माझ्या जिवाभावाच्या आहेत, आणि जे आमच्याकडे झालं ते फक्त त्याच पक्षात होऊन राहिलंय असंही नाही. पण कारण नीट लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात होतं. तोंडी सांगितलं की अर्धं राहूनच जाते.

माझं नागपुरात वाठोड्याकडे झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. राशन कार्ड, पॅन, शाळा-कॉलेजचे ॲडमिशन, मतदार यादी, जे येईल ते. पक्षात आली ती आमच्या ले-आउटच्या भांडणातून. नागपूरच्या बाहेरच्या अंगाला जे राहतात त्यांना सांगायला नको, पोट मारून प्लॉट घ्यायचा, घर बांधायचं, मग कळते की ले-आउट अनधिकृत, नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र नाही, म्हणून गडर लाइन (सांडपाण्याची लाइन) नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात मुरमाचा चिखल आणि उन्हाळ्यात टँकरची रांग. असे प्लॉट नियमित करायचा गुंठेवारीचा कायदा 2001 चा आहे, पण आमच्याकडे त्याच्यानंतरही कितीतरी वर्षं नुसतं डिमांड नोट (पैसे भरायची नोटीस) आणि पुढची तारीख. तेव्हा आमच्यासोबत नासुप्रच्या ऑफिसात येऊन दिवसभर बसणारे लोक या पक्षाचे होते. घागरी घेऊन मोर्चा काढला तो पण त्यांनीच. त्या मोर्च्यात छत्तीसगडच्या बाया होत्या, सिवनी-बालाघाटचे लोक होते, मागच्या गल्लीतलं अन्सारीचं घर होतं, आणि कोणी कोणाचं गाव विचारलं नव्हतं, पाणी सगळ्यांनाच पाहिजे होतं. काही जण आता मला म्हणतात की हा पक्ष तर पहिल्यापासून बाहेरून आलेल्यांच्या विरोधातलाच, तुला दिसलं नाही का. आमच्या प्रभागात तो तसा नव्हता. आमची गडर लाइन झाली ती त्या लोकांमुळे झाली, हे मी पक्ष सोडल्यावरही म्हणते आणि म्हणत राहीन.

बदलायला लागलं ते महापालिकेची मुदत संपल्यावर. मार्च 2022 मध्ये सगळे नगरसेवक माजी झाले, प्रशासक बसले, आणि निवडणूक पुढंच जात राहिली. 151 नगरसेवकांचं शहर आणि तक्रार घेऊन जावं असा एकही नगरसेवक तेव्हा नव्हता. कार्यकर्त्यानं करायचं काय? पहिले आमच्या बैठकीत लाइट, नाली, टँकर, दवाखाना असं चालायचं. मग हळूहळू वरून विषय येऊ लागले. मुंबईत पक्षाचं जे चाललं ते आठ दिवसांनी आमच्याकडे. बाहेरचे लोक वाढले. बाहेरच्यांनी धंदे खाल्ले. हॉकर्स हटाव. आणि मग आमच्या पूर्व नागपुरातला एक पोरगा उठून जे बोलायचा ते मुंबईचं भाषण जसंच्या तसं, त्यात लोकल ट्रेनचा उल्लेख सुद्धा तसाच.

एक दिवस महिला आघाडीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. एका गुपचुपवाल्याला (पाणीपुरीवाल्याला) आपल्या पक्षाच्या पोरांनी घेरलेलं. त्याचा हात मडक्यात होता, पुडीभर पुऱ्या समोर फुटलेल्या, गिऱ्हाईक बाजूला सरकलेलं. पोरं म्हणून राहिली, आधार दाखव. त्याला हात पुसू पण दिला नाही, ओल्याच हातानं त्यानं वरच्या खिशातून लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं, कोथिंबिरीचं एक पान त्याच्या बोटावरून कार्डावर चिकटलं ते मला अजून दिसते. एकानं मोठ्यानं पत्ता वाचला, जिल्हा बालाघाट, आणि सगळे हसले. मग मडकं उलटं केलं. तो माणूस काहीच बोलला नाही, तो फक्त आपलं कार्ड परत मागत होता, भैय्या कार्ड दे दो, भैय्या कार्ड दे दो. खाली टाळ्यांचे इमोजी. माझ्या ओळखीच्या बायांचे, ज्या त्याच ठेल्यावर आपल्या लेकरांना घेऊन जातात.

बालाघाट म्हणजे बाहेरचं? माझे आजोबा वकिलाकडे मुन्शी होते, ते सांगायचे की बालाघाट, छिंदवाडा, सिवनी, जबलपूर, रायपूर, दुर्ग, बिलासपूर, सगळीकडचे लोक कोर्टाच्या कामाला नागपूरला यायचे, कारण तेव्हाच्या सीपी अँड बेरार प्रांताची (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) राजधानी नागपूर आणि 1936 पासून हायकोर्ट पण इथंच. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या, ते मध्य प्रदेशात राहिले, आपण मुंबई राज्यात आलो आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. त्या गुपचुपवाल्याचा आजा नागपूरला आला असेल तर आपल्या राजधानीत आला असेल. आणि मोमिनपुऱ्यातले विणकर उत्तरेकडून आले, 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा कामगार चारही बाजूंनी आले, फाळणीनंतर सिंधी लोक आले आणि जरीपटका वसला. इतवारीत एक दुकान मराठीत बोलते, दुसरं मारवाडीत, तिसरं हिंदीत. हे शहर असंच झालंय, आणि मराठी इथं संपली नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या छत्तीसगडच्या बायांची पोरं मनपाच्या मराठी शाळेत शिकतात आणि माझ्याशी आपल्या नागपुरी मराठीत बोलतात.

पुढच्या बैठकीत मी हे बोलली. शांतपणे बोलली. म्हटलं, स्थानिकांना नोकरी हा प्रश्न खरा आहे, माझी स्वतःची पोरगी इंजिनियर होऊन पुण्याला गेली कारण इथं तिला काम मिळालं नाही. तर मग चला बुटीबोरीला, चला मिहानला, कारखाने-कंपन्या तिकडेच आहेत. 80 टक्के स्थानिकांना घ्या असा सरकारचा ठराव आहे, सवलती घेणाऱ्या कंपन्यांना विचारू की तुमची भरती किती, दाखवा. ठेकेदाराला विचारू की बाहेरून माणसं आणतो ती स्वस्त पडतात म्हणून आणतो ना, साइटवरच पत्र्याच्या खोलीत ठेवतो, दिवसाचे बारा तास राबवतो, परराज्यातून आणलेल्या मजुरांसाठी 1979 मध्येच कायदा झाला, प्रवासाचा भत्ता, विस्थापन भत्ता, तो कोणाला दिला? मजुराला पुरी मजुरी द्यावी लागली तर ठेकेदार इथल्याच माणसाला कामावर घेईल. हे भांडण आपण करू, मी सगळ्यात समोर उभी राहते. पण मडकं उलटं केल्यानं आपल्या कोणत्या पोराला नोकरी लागली ते मला सांगा.

आणि मी माझ्या माहेरचं पण सांगितलं. माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं. धान निघाला की आमच्याकडच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, टोळीच्या टोळी, लहान लेकरं सोबत घेऊन. माझी सख्खी वहिनी जाते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती खम्ममकडे अडकली होती. ना भाषा येत, ना हातात पैसे. ज्या शेतात काम करत होत्या तिथल्याच एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना तांदूळ दिला, पंपघरात झोपायला जागा दिली, आणि मग त्या किती दिवस चालत आल्या ते वहिनी अजूनही नीट सांगत नाही, फक्त पायांचं सांगते. त्याच वेळी आम्ही, म्हणजे याच पक्षाचे आम्ही सगळे, पांजरीच्या टोलनाक्यावर हैदराबादकडून येणाऱ्या लोकांना खिचडी आणि चपला वाटत होतो. यूपीचे, बिहारचे, झारखंडचे. शहराध्यक्ष स्वतः होते तिथं. मी त्यांना भर बैठकीत म्हटलं, भाऊ, तुम्हीच तेव्हा एका पोराच्या पायाला पट्टी बांधली होती, तो बिहारचाच होता.

ते म्हणाले, "ताई, भावनेवर पक्ष नाही चालत." आणि मागून कोणीतरी म्हणालं, "ताईचं दुकानच त्यायच्यावर चालते न जी, म्हणून बोलून राहिल्या."

त्या वाक्यानं मला वाईट वाटलं, पण पक्ष मी त्यासाठी नाही सोडला. राजकारणात असं ऐकावंच लागते, आणि मला तेव्हाही वाटत होतं की आत राहून बोललं पाहिजे, बाहेर जाऊन कोण ऐकते.

सोडला तो यादीसाठी. निवडणुकीचं वारं सुटलं तसं प्रभागात घरोघरी सर्व्हे करायचं ठरलं, त्यात एक नवीन रकाना, मूळ गाव आणि राज्य. मग माझ्याकडे आमच्या विभागाचे एक पदाधिकारी आले, दुकानातच, गिऱ्हाईक असताना. म्हणे, "ताई, तुमच्याकडे तं सगळ्यायचे कागद येतात. तुमच्या कॉम्प्युटरमधे असतीलच. बाहेरच्यायची एक यादी काढून द्या, बाकी काही नाही." मी म्हटलं कशाला पाहिजे. तेव्हा त्यांनी पिशवीतून फॉर्म 7 चा गठ्ठा काढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मतदार यादीत नवीन नाव टाकायचं तर फॉर्म 6, पत्ता बदलायचा किंवा दुरुस्ती तर फॉर्म 8, आणि कोणाच्या नावावर हरकत घ्यायची किंवा नाव काढायचं तर फॉर्म 7. मेलेला माणूस, कायमचा निघून गेलेला माणूस, दोनदा आलेलं नाव, याच्यासाठी तो आहे आणि चांगला आहे. त्याच मतदारसंघातला कोणताही मतदार दुसऱ्याच्या नावावर तो भरू शकतो. महापालिकेला विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात, म्हणजे तिकडून नाव गेलं की इथलंही मत गेलं. त्यांचं म्हणणं होतं की यादीतल्या सगळ्यांवर "इथं राहत नाही" म्हणून हरकत टाकायची. जे माझ्या समोरच्या गल्लीत राहतात त्यांच्यावर. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदार व्हायला दोनच मोठ्या गोष्टी लागतात, 18 वर्षं पूर्ण आणि त्या मतदारसंघात राहणं, बाकी तो भारताचा नागरिक पाहिजे. जन्म कुठल्या राज्यातला, घरी कोणती भाषा बोलतो, असं काही त्यात नाही. आणि फॉर्मच्या खाली जे डिक्लेरेशन असते ते खोटं निघालं तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, सही तुमची नाही राहणार, पोरायची राहील.

गठ्ठ्यात वरती काही नावं आधीच लिहून होती. त्यात एक नाव माझ्या ओळखीचं निघालं, एक बंगाली पोरगा, मेडिकल कॉलेजच्या भागात लॅबमध्ये काम करतो, इकडे खोली करून राहतो. त्याच्या नावासमोर पेन्सिलनं लिहिलं होतं, बांगलादेशी. तो पोरगा गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याचा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांना सरकारनंच तिथं वसवलं, चामोर्शी, मुलचेरा तिकडे त्यांची गावंच्या गावं आहेत, साठ वर्षं होत आली. त्याचा बाप तिथंच जन्मला. त्याचं डोमिसाईल मी माझ्या हातानं अपलोड केलंय. खरंच कोणी चोरून सीमा ओलांडून आला असेल तर पोलीस आहेत, कोर्ट आहे, त्यांनी पुरावा पाहून ठरवावं. पेन्सिलनं ठरवायचा अधिकार आमच्या विभागाला कोणी दिला?

लोक माझ्याकडे कागद ठेवून जातात ते विश्वासानं. एखादी बाई नवऱ्याला न सांगता आपलं खातं उघडायला येते, एखाद्याच्या आधारवर जन्मतारीख चुकलेली असते ती तो जगात फक्त मला सांगतो. ते कागद मी शेजाऱ्यावर चालवायला देणार नाही. मी गठ्ठा परत केला आणि त्यांना सांगितलं की भाऊ, चहा घ्या आणि जा.

त्याच रात्री घरी बोलली. हे रेल्वेतून रिटायर झालेत, राजकारणाचं त्यांना फारसं काही नाही. म्हणाले, सोडायचंच आहे तं कारण लिहून सोड. हा सल्ला मला फार कामी आला, कारण पुढं ज्याला ज्याला विचारलं तो म्हणायचा की "वैयक्तिक कारणास्तव" लिही आणि मोकळी हो, संबंध चांगले राहतात. पण वैयक्तिक काही नव्हतंच तर लिहू कसं? मी एका पानात लिहिलं. पदाचा आणि प्राथमिक सदस्यत्वाचा, दोन्हीचा राजीनामा, असं स्पष्ट (नुसतं पद सोडलं तर तुम्ही सदस्य राहताच, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही). खाली कारण, परराज्यातून आलेल्या रहिवाशांबद्दल पक्षानं जी भूमिका घेतली ती मला मान्य नाही, त्यांची यादी करण्याचं आणि त्यांच्या मतावर खोटी हरकत घेण्याचं काम मला सांगण्यात आलं, ते मी करणार नाही. तारीख, सही.

द्यायला गेली तर कोणी पोच देईना. ऑफिसातला पोरगा म्हणे, ठेवून द्या, साहेब आले की देतो. मी ठेवला नाही. पक्षाचं लेटरहेड, ओळखपत्र, सभासद फीचं पावती बुक आणि त्याचा हिशोब, हे सगळं एका लिफाफ्यात घातलं, त्याची यादी वर लिहिली, आणि रजिस्टर्ड पोस्टानं पोचपावतीसहित पाठवून दिलं. ई-मेल पण केला. काही जणांनी भीती घातली की पक्षांतरबंदी लागेल. ती निवडून आलेल्या सदस्याला लागते, साध्या कार्यकर्त्याला लागत नाही. कार्यकर्ता पत्र देऊन मोकळा.

मोकळा म्हणजे कायद्यानं मोकळा. लोक काही मोकळं सोडत नाहीत. पहिले मनधरणी झाली. महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, तुमच्याकडची एक जागा महिलेची निघणारच, नाव तुमचंच आहे, फक्त ते पत्र मागं घ्या आणि कारण बदला. कारण बदला, यावर फार जोर होता. मी नाही म्हटल्यावर ग्रुपमधून काढलं, एका मागून एक, मोबाइल नुसता वाजत होता. मग सुरू झालं की ही बाई बांगलादेश्यांचे कागद बनवते. हे मात्र साधं नाही. माझ्या दुकानाची तक्रार झाली, चौकशीला माणूस आला, मी रजिस्टर दाखवलं, कोणत्या तारखेला कोणाचा कोणता फॉर्म, पावती नंबर सगळं लिहिलेलं, त्यानं पाहिलं आणि गेला. ज्यांना असं दुकान आहे त्यांनी रजिस्टर ठेवाच, मी कायम हेच सांगते. आणि एवढं सगळं होऊनही दिवाळीच्या फ्लेक्सवर माझा फोटो होताच, हात जोडलेला, शुभेच्छुक म्हणून. मी परत पत्र पाठवलं, फ्लेक्सचा फोटो जोडून. तेव्हा उतरवला.

हे सगळं सोसलं. जड गेलं ते मैत्रिणींचं. ज्या बाईसोबत मी नासुप्रच्या पायरीवर डबा खाल्ला, जिच्या पोरीच्या लग्नात मी तीन दिवस राबली, ती सक्करदऱ्याच्या बाजारात मला पाहून वळून गेली. तिचा मला राग नाही येत. तिच्या पोराला पक्षाच्या ओळखीनं काम लागलंय, तिला पर्याय नाही. पण त्या दिवशी मी भाजी न घेता घरी आली. दुसऱ्या दोघी मात्र संक्रांतीला आल्या, उघडपणे, वाण घेऊन, आणि त्यातली एक म्हणाली की ताई, यादी आमच्याकडे पण मागितली होती, आम्ही अजून दिली नाही.

यादी शेवटी कोणीतरी दिलीच. आमच्या भागात नोटीस यायला लागल्या. फॉर्म 7 आला म्हणून नाव लगेच जात नाही, बीएलओनं (मतदान केंद्राची यादी पाहणाऱ्या कर्मचाऱ्यानं) चौकशी करायची असते आणि त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यायची असते, पण नोटीस म्हटलं की मजुरी करणारा माणूस घाबरते. छत्तीसगडची एक बाई, इथं तिची दोन लेकरं जन्मली, ती सामान बांधून राजनांदगावला निघाली होती, म्हणे पोलीस येईल. तिला मी थांबवलं, सुनावणीला सोबत गेली. लाइट बिल घरमालकाच्या नावाचं, म्हणून भाडेकरार, गॅसचं पुस्तक, पोरांच्या शाळेचं बोनाफाईड, सगळं लावलं. तिचं नाव कायम राहिलं. मुलचेऱ्याच्या पोराचंही राहिलं. काही जण खरंच गावी गेलेले होते, तारखेला आले नाहीत, त्यांची नावं गेली, त्यातले जे परत आले त्यांचे फॉर्म 6 आम्ही नव्यानं भरून राहिलोय.

सध्या माझं एवढंच काम सुरू आहे, संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी एक-दोन घरांचे कागद पाहते, त्या दोघी मैत्रिणी पण येऊन बसतात. वाठोडा, दिघोरी, पारडी, इकडे कोणाला नोटीस आली असेल तर घाबरून गाव गाठू नका. तारीख आणि अनुक्रमांक नीट वाचा, त्या दिवशी स्वतः हजर राहा, दुसऱ्याला पाठवू नका, राहत्या पत्त्याचा जो काही पुरावा असेल त्याची ओरिजिनल सोबत न्या. झेरॉक्स मी काढून देईन, पैसे नको.